सत्कारानंतरही बसून राहा: अमेरिकेतील वाढत्या स्कूल डिस्ट्रिक्टचे नियोजन पालकांनी कसे समजून घ्यावे

अमेरिकेत स्थायिक झालेले बहुतेक मराठी पालक स्कूल बोर्डाच्या, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्ट (एका भागातील सार्वजनिक शाळा चालवणारी स्थानिक संस्था) चालवणाऱ्या मंडळाच्या, बैठकीला पहिल्यांदा जातात ते मुलांच्या सत्कारासाठी. मुलीचा रोबोटिक्सचा संघ राज्यस्तरावर पोहोचलेला असतो किंवा मुलगा नॅशनल मेरिट या शिष्यवृत्ती स्पर्धेच्या उपांत्य यादीत आलेला असतो. बैठकीच्या सुरुवातीलाच एकेकाचे नाव पुकारले जाते, प्रमाणपत्र दिले जाते, बोर्डाच्या सदस्यांबरोबर छायाचित्र निघते आणि दहा मिनिटांत सभागृह निम्म्याहून अधिक रिकामे होते. मीही दोन वर्षे असाच उठून घरी गेलो. तिसऱ्या वर्षी आमच्या वस्तीची प्राथमिक शाळा बदलणार असल्याचे पत्र आले, तेव्हा जुन्या विषयपत्रिका काढून पाहिल्या. ज्या संध्याकाळी आम्ही छायाचित्र घेऊन निघालो होतो त्याच संध्याकाळी, सत्कारानंतर चार विषय सोडून, शाळांच्या हद्दी बदलण्याचा पहिला आराखडा मांडला गेला होता.

त्यामुळे पहिली सवय लावून घ्यायची ती विषयपत्रिका आधी वाचण्याची. ती बैठकीपूर्वी जाहीर करणे कायद्याने बंधनकारक असते. कॅलिफोर्नियात नियमित बैठकीसाठी ही मुदत किमान ७२ तासांची आहे. पाने पुष्कळ असतात, परंतु सगळी वाचण्याची गरज नसते. डेमोग्राफरचा अहवाल (पटसंख्येचा अंदाज), फॅसिलिटीज मास्टर प्लॅन (इमारतींचा दीर्घकालीन आराखडा), अटेंडन्स झोन (शाळेची हद्द) आणि बॉन्ड (इमारतींसाठीचे कर्जरोखे) हे चार शब्द कोठे आले आहेत ते शोधावे. ‘कन्सेंट अजेंडा’ या मथळ्याखालची यादीही नजरेखालून घालावी, कारण तेथील सर्व विषय चर्चेविना एकाच मतदानात मंजूर होतात आणि वास्तुविशारदाची नेमणूक किंवा जागेच्या पाहणीचा खर्च असे विषय त्यात सहज दडलेले असू शकतात.

डेमोग्राफरचा अहवाल दिसतो अवघड, पण त्याचा गाभा शाळेत शिकलेल्या त्रैराशिकापलीकडे जात नाही. गेल्या वर्षी पहिलीत ४०० मुले होती आणि यंदा दुसरीत ४२० असतील, तर गुणोत्तर १.०५ येते, म्हणजे एक इयत्ता वर चढताना शंभरामागे पाच मुलांची भर पडली. अशी प्रत्येक इयत्तेची काही वर्षांची सरासरी काढून पुढची पाच-दहा वर्षे मांडली जातात. बालवाडीच्या म्हणजे किंडरगार्टनच्या अंदाजासाठी पाच वर्षांपूर्वीच्या जन्मांची नोंद धरतात. वाढत्या डिस्ट्रिक्टमध्ये मात्र एवढे पुरत नाही, कारण जी घरे अजून बांधलीच गेलेली नाहीत त्यांतील मुले कोणत्याही इयत्तेत मोजली गेलेली नसतात. त्यासाठी घरामागे सरासरी किती विद्यार्थी येतात हा आकडा वापरला जातो. नवीन वसाहतीत १,२०० घरे होणार असतील आणि घरामागे सरासरी ०.५ विद्यार्थी धरला, तर ६०० मुले झाली, म्हणजे जवळजवळ एक अख्खी प्राथमिक शाळा. हा ०.५ कोठून आला, तो स्वतंत्र घरांचा आहे की अपार्टमेंटचा, आणि मागच्या अहवालातील अंदाज प्रत्यक्ष पटसंख्येशी किती जुळला, हे तीन प्रश्न विचारल्यास अहवालाचा कस लागतो. माझ्या मते तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, आणि तोच क्वचित विचारला जातो.

पटसंख्येनंतर क्षमता पाहावी. तेथे एक नेहमीची गफलत होते. टेक्सासमध्ये चौथीपर्यंतच्या वर्गात २२ विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. शाळेत ३० खोल्या असतील तर कागदावर ६६० मुले मावतात. पण संगीत, चित्रकला, विशेष शिक्षण, वाचनाची जादा मदत यांसाठी पाच खोल्या गेल्या की हाच आकडा ५५० वर येतो. शाळा भरली आहे की नाही यावर बैठकीत दोन बाजू भांडताना दिसतात, तेव्हा बहुधा एक बाजू पहिला आकडा धरून बोलत असते आणि दुसरी दुसरा. उपाहारगृहाचे वेळापत्रक मागून पाहावे, असा माझा आग्रह असतो. पहिली तुकडी सकाळी साडेदहाला जेवायला बसत असेल, तर इमारत किती भरली आहे हे टक्केवारीपेक्षा लवकर कळते. मैदानावर उभ्या राहिलेल्या पोर्टेबल खोल्याही मोजाव्यात. त्या तात्पुरत्या म्हणून येतात आणि बरेचदा कित्येक वर्षे मुक्काम ठोकतात.

इमारतीचा पैसा सहसा बॉन्डमधून, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांतून येतो, आणि त्याची फेड मालमत्ता करातून होते. हा पैसा इमारती, जागा, बस अशा भांडवली खर्चासाठीच वापरता येतो. त्यातून शिक्षकांचे नेहमीचे पगार देता येत नाहीत. ‘नव्या इमारतीला पैसे आहेत, मग शिक्षकांना का नाहीत’ हा संताप समजण्याजोगा असला, तरी तो या मतपत्रिकेवर काढण्यात अर्थ नसतो. आपल्या घरावर किती भार पडेल हे स्वतः काढावे. टेक्सासमध्ये दर १०० डॉलर मूल्यामागे सांगितला जातो, त्यामुळे करपात्र मूल्य ४ लाख डॉलर आणि वाढ ५ सेंट असेल, तर वर्षाला २०० डॉलर होतात. त्या राज्यात २०१९ पासून शाळांच्या बॉन्डच्या प्रत्येक प्रस्तावावर ‘ही मालमत्ता कराची वाढ आहे’ अशा अर्थाचे वाक्य छापावेच लागते, मग दर प्रत्यक्षात वाढणार असो वा नसो; म्हणून ते वाक्य वाचून निर्णय न घेता दराचा तक्ता पाहावा. मोठे स्टेडियम, जलतरण तलाव यांसारख्या गोष्टी तेथे स्वतंत्र प्रस्ताव म्हणून मांडाव्या लागतात, त्यामुळे वर्गखोल्यांना होकार आणि स्टेडियमला नकार असे मत देता येते. कॅलिफोर्नियात २००० साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन ३९ या प्रस्तावानुसार ५५ टक्के मतांवर शाळांचा बॉन्ड मंजूर होऊ शकतो. त्याच्या मोबदल्यात कामांची यादी आधी जाहीर करणे, दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण करणे आणि नागरिकांची देखरेख समिती नेमणे या अटी डिस्ट्रिक्टला पाळाव्या लागतात. या समितीत पालकासाठी जागा असते आणि तिच्यासाठी अर्ज करणारे फार थोडे असतात.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. एच-१बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या पालकांना बॉन्डच्या निवडणुकीत मत देता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ मध्ये मंजूर केलेली सवलत अपवादात्मक आहे आणि तीही केवळ बोर्डाचे सदस्य निवडण्यापुरती आहे. चालक परवाना काढताना मतदार नोंदणीबद्दल विचारले जाते, तेथे घाईने होकार दिल्यास पुढे नागरिकत्वाच्या अर्जात गंभीर अडचण येऊ शकते. परंतु बोलण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. बैठकीपूर्वी नाव नोंदवले की साधारण दोन ते तीन मिनिटे मिळतात. बोर्ड बहुधा त्याच वेळी उत्तर देत नाही, म्हणून भाषण न करता एकच मागणी करावी: ‘पूर्वेकडील नव्या वसाहतीची मुले दोन वर्षे कोणत्या शाळेत जाणार, हे हद्दीच्या नकाशावर दाखवावे.’ तीच मागणी दुसऱ्या दिवशी ई-मेलने सर्व सदस्यांना पाठवावी. प्राथमिक शाळा मंजुरीपासून उघडेपर्यंत साधारण दोन ते तीन वर्षे जातात आणि हायस्कूलला त्याहून अधिक. त्यामुळे आपले मूल आज पहिलीत असेल, तर ज्या माध्यमिक शाळेत ते जाणार आहे तिची चर्चा आताच चालू असण्याची शक्यता मोठी आहे.

सत्काराचीही तयारी आधी करावी लागते, कारण नावे आपोआप यादीत येत नाहीत. बहुधा संघाचे मार्गदर्शक शिक्षक अर्ज भरतात, आणि अनेक ठिकाणी शाळेमार्फत लढवलेल्या स्पर्धाच धरल्या जातात; भरतनाट्यम किंवा क्लबमधील बुद्धिबळ त्यात बसेलच असे नाही, म्हणून निकष आधी विचारावेत. शिवाय शालेय वर्षाच्या आरंभी भरल्या जाणाऱ्या अर्जांत ‘डिरेक्टरी इन्फर्मेशन’चा, म्हणजे नाव-पत्त्यासारख्या शाळेला उघड करता येणाऱ्या माहितीचा, एक चौकोन असतो. विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता जपणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार पालकांना ही माहिती उघड करण्यास नकार देता येतो, आणि तिच्यात मिळालेली पारितोषिकेही मोडतात. आमच्या परिचयातील एका आईने जाहिरातींचा उपद्रव टाळण्यासाठी त्या चौकोनात खूण केली होती. मे महिन्यात वाद्यवृंदाच्या छापील यादीत तेवढे एक नाव नव्हते, आणि व्हायोलिन हातात धरून उभ्या असलेल्या मुलीला कारण सांगणे तिला जड गेले. काही डिस्ट्रिक्टमध्ये हा नकार केवळ बाहेरच्यांपुरता मर्यादित ठेवण्याचा वेगळा पर्याय असतो. तो आहे का, हे कार्यालयात विचारूनच खूण करावी.

सत्काराच्या संध्याकाळी शक्य असल्यास दोन गाड्या न्याव्यात. छायाचित्र झाले की एकाने मुलांना आणि आजी-आजोबांना घरी घेऊन जावे, आणि दुसऱ्याने विषयपत्रिका घेऊन पुढच्या रांगेत येऊन बसावे. एव्हाना तेथे भरपूर जागा रिकाम्या झालेल्या असतात.