शाळेत असताना परदेशी उन्हाळी वर्ग: जर्मनीतले माझे तीन आठवडे

नववीत असताना जुलै-ऑगस्टमधले तीन आठवडे मी जर्मनीत, बव्हेरियातल्या एका छोट्या गावात जर्मन शिकले. आता कॉलेजात आहे, आणि ओळखीपाळखीतले काका-काकू विचारतात, “आमच्या मुलाला कुठल्या देशात पाठवावं?” मी त्यांना आधी विचारते, त्याला शिकायचंय काय?

माझं उत्तर तयार होतं. पुण्यात शाळेत जर्मन घेणारी मुलं भरपूर. मीही सहावीपासून शिकत होते. मॅक्सम्युलर भवनात ‘फिट इन डॉइच’ ही ए-वनची, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा दिली होती. हे भवन चालवणारी जर्मन संस्था, गोएथे इन्स्टिट्यूट, दर उन्हाळ्यात जर्मनीत शाळकरी मुलांसाठी निवासी वर्ग घेते, हे तिथेच कळलं. तुमची शाळा जर्मन शिकवणाऱ्या शाळांच्या ‘पाश’ या जाळ्यात असेल (जर्मन परराष्ट्र खात्याने 2008 मध्ये सुरू केलेला उपक्रम), तर जर्मनच्या बाईंना शिष्यवृत्तीबद्दल जरूर विचारा. आमची शाळा त्यात नव्हती, पैसे घरचेच गेले. फीमध्ये वर्ग, राहणं, जेवण आणि सहली होत्या; विमान आणि व्हिसा वेगळा.

नाव बघून भुलू नका. उन्हाळ्यात ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांतल्या खोल्या आणि वर्ग भाड्याने घेऊन कितीतरी खासगी संस्था आपले कोर्स चालवतात. त्यातले काही चांगलेही असतात, पण ते विद्यापीठाचे नसतात. प्रमाणपत्रावर सही कोणाची, हे पैसे भरण्याआधी विचारा. प्रवेश कसा मिळतो तेही बघा. अमेरिकेत 1957 पासून चालत आलेला रॉस गणित कार्यक्रम आहे. सहा आठवडे मुख्यतः संख्यासिद्धांत (नंबर थिअरी). तिथे अर्जाबरोबर अवघड गणितं सोडवून, सिद्धतेसकट पाठवावी लागतात. नुसती फी भरून मिळणारी जागा आणि ही जागा, दोन्ही एका तागडीत तोलू नका.

आता वेळापत्रक. त्यांचा उन्हाळा जुलै-ऑगस्ट, आपली शाळा जूनच्या मध्यावर सुरू. म्हणजे शाळा बुडणारच. माझी घटक चाचणी बुडली. मुख्याध्यापकांना आधीच लेखी अर्ज दिला होता म्हणून निभावलं. दहावीनंतरची सुट्टी मोठी वाटते, पण तेव्हा अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया चालू असते. यादीत नाव लागलं की मोजक्या दिवसांत प्रवेश निश्चित करावा लागतो, आणि त्या दिवसांत तुम्ही विमानात असाल तर कठीण. माझ्या मते नववी हेच योग्य वर्ष.

व्हिसाने आमची खरी परीक्षा घेतली. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला 15 दिवस धरतात, पण 45 पर्यंतही जाऊ शकतात. प्रवासी आरोग्य विमा किमान 30,000 युरोंचा हवा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडील दोघांची संमती लागते. आमचं तिथेच अडलं. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव होतं आणि तिच्या पासपोर्टवर सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच, हे प्रतिज्ञापत्र करून आणेपर्यंत अर्ज द्यायला मिळालेली पहिली तारीख हातची गेली. जानेवारीतच जन्मदाखला, पासपोर्ट आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा.

तिथे पहिल्याच दिवशी परीक्षा घेऊन गट पाडले. सकाळी वर्ग, दुपारी खेळ, शनिवारी सहल. रात्रीच्या नऊपर्यंत उजेड, त्यामुळे झोपच येईना. संध्याकाळचं जेवण थंड: पाव, चीज, काकडी. पहिल्या आठवड्यात आईच्या मेतकूटभाताने मला रडवलं. शाकाहारी असाल तर अर्जातच लिहा, ते सोय करतात.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कोपऱ्यावरच्या बेकरीने. नमस्कारासाठी मी घोकून गेले होते “गुटन टाग”, बेकरीतल्या बाई म्हणाल्या तिथला नमस्कार, “ग्र्यूस गॉट”. मी “ब्र्योटशेन” मागितले, त्यांनी बोट दाखवून विचारलं, “जेमेल?” पुस्तकातला पाव आणि बव्हेरियातला पाव एकच, नाव मात्र वेगळं. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळालेली मी तिथे गप्प उभी राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. दुसरा आठवडा संपताना त्या बाई माझ्याशी पावसाबद्दल बोलत होत्या आणि मी उत्तर देत होते. म्हणून निघायच्या आधी दोन महिने व्याकरण कमी करा आणि रोज अर्धा तास मोठ्याने बोला, चुकीचं का होईना.

आणखी एक: शक्य असेल तर आपल्याच शाळेच्या मोठ्या गटाबरोबर जाऊ नका. माझ्या खोलीत एक पोलिश मुलगी होती. तिला मराठी-हिंदी येत नव्हतं, मला पोलिश, आणि इंग्रजी तिचं कच्चं. मोजे वाळत घालण्यापासून घरच्या आठवणीपर्यंत सगळं आम्हाला जर्मनमध्येच बोलावं लागलं. अजूनही आम्ही जर्मनमध्येच लिहितो. गेल्या गणपतीत तिने मोदकांची कृती मागितली, तेव्हा ‘उकड’ कशी काढतात ते समजावायला मला पाऊण पान लागलं.