पावसाळ्यात पीएलजीए नॅनोपार्टिकल बनवताय? आधी बाटली उघडायची घाई करू नका

ताळगावात जुलैमध्ये हवा इतकी दमट असते की डब्यातला पापड पण मऊ पडतो, मग पीएलजीएचं (औषध आत भरून बारीक कण बनवायचा पॉलिमर) काय होणार. हा पॉलिमर पाण्यानेच तुटतो, शरीरात तेच हवं असतं पण बाटलीत नको ना. मी एकदा मायनस २० डिग्रीच्या फ्रीझरमधली बाटली काढली आणि लगेच उघडली, आत दव धरलं, चिकट गोळा झाला, महागडा माल फुकट. आता तासभर डेसिकेटरमध्ये (आत हवा कोरडी राहते असा बंद डबा) ठेवते, बाटली हाताला गार लागेनाशी झाली की मगच झाकण.

पहिल्याच बॅचला कॅन्सरचं औषध घेऊ नका, हळदीतलं कुरकुमिन घ्या. स्वस्त आहे आणि पिवळं असल्याने चूक लगेच दिसते (एप्रनचं मात्र पातोळीचं हळदीचं पान होतं).

५० मिग्रॅ पीएलजीए आणि ५ मिग्रॅ कुरकुमिन ५ मिली अ‍ॅसिटोनमध्ये. दुसरीकडे २० मिली पाण्यात १% पीव्हीए (कण एकमेकांना चिकटू न देणारा पॉलिमर), तो ८०-९० डिग्रीला ढवळत विरघळवा नाहीतर गुठळ्या होतात, मग पूर्ण गार करा. आता स्टरर चालू ठेवून अ‍ॅसिटोन थेंब थेंब सोडा. अ‍ॅसिटोन पाण्यात पसरतं, पॉलिमरला पाणी सोसत नाही, तो तिथल्या तिथे बारीक कण होऊन बसतो आणि कुरकुमिन आत अडकतं. अ‍ॅसिटोन उडून जावं म्हणून फॉइल गुंडाळून रात्रभर फ्यूम हूडमध्ये ढवळत ठेवा, लाईट जाणार हे धरूनच स्टरर यूपीएसवर लावा.

सकाळी तळाशी पिवळा गाळ दिसला तर ते न अडकलेलं कुरकुमिन, हळू स्पिन करून काढून टाका. वरचं १५,००० आरपीएमला, ४ डिग्रीवर स्पिन करून खाली बसलेले कण दोनदा धुवा. डीएलएसमध्ये (प्रकाशाने कणांचा आकार मोजायची पद्धत) १००-२०० नॅनोमीटर आणि पीडीआय, म्हणजे आकारातला फरक, ०.२ च्या खाली आला तर खूश व्हा.

टार्गेटिंग, म्हणजे कण कॅन्सरच्या पेशींकडे वळवणं, यानंतर. २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात टोचलेल्या डोसपैकी ट्यूमरपर्यंत ०.७% च (मीडियन) पोचतो असं निघालं होतं, त्यामुळे कणांना फोलिक अ‍ॅसिड (कॅन्सरच्या बऱ्याच पेशींवर त्याला पकडणारे रिसेप्टर जास्त असतात) लावलं की झालं असं नाही. ते पीएलजीए-पेग-अमाईनला (टोकाला अमाईन असलेला पीएलजीए) ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी जोडतात, कोरड्या डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये, अंधारात. आणि सेल अपटेकला (कण पेशीत शिरतात का ते बघायला) आरपीएमआय हे पेशी वाढवायचं नेहमीचं मीडियम वापरू नका, त्यात मुळातच फोलिक अ‍ॅसिड असतं, ते रिसेप्टर आधीच अडवून बसतं. फोलेट-फ्री मीडियम घ्या, हेला सेल्स (लॅबमधल्या कॅन्सरच्या पेशी) चालतील, आणि एका वेलमध्ये मुद्दाम मोकळं फोलिक अ‍ॅसिड घाला. तिथे पेशींमधली कुरकुमिनची चमक कमी झाली तरच कण रिसेप्टरमधून आत गेले असं व्हायव्हाला म्हणा.