गावात स्ट्रीमर घेताय? डॅक चिपच्या आधी नेट आणि लाईन बघा

गेल्या तीन-चार वर्षांत यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात नातेवाइकांकडे आणि ओळखीच्या लोकांकडे मी सात घरी म्युझिक स्ट्रीमर (नेटवरून गाणं ओढून घरच्या स्पीकरवर वाजवणारी डबी) जोडून दिला. सगळीकडे गोष्ट जवळपास सारखीच. घरात जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठे स्पीकर असतात. कॅसेट डेक केव्हाच बंद पडलेला, सीडी प्लेअरची लेन्स गेलेली. मग पुण्याला नोकरीला असलेला मुलगा फोनवर सांगतो, बाबा, एक डबी घ्या, हवं ते गाणं त्यात लागतं. डबी येते, चार दिवस वाजते आणि पाचव्या दिवशी मला फोन येतो, "भाऊ, हे अटकून अटकून वाजून राहिलं."

सातपैकी एकाही घरी डबी बिघडलेली नव्हती. चूक निवडताना झालेली असायची, नाहीतर जोडताना. स्ट्रीमरबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक शहरातल्या फ्लॅटचं असतं, जिथे लाईन जात नाही आणि राउटर दहा फुटांवर असतो. आपल्याकडे हिशोब वेगळा आहे. डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा आवाजाचा सिग्नल करणारी चिप, नंतर; नेट आणि लाईन आधी.

ब्लूटूथच्या डबीला स्ट्रीमर समजणं

पाच-सहाशे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर आणि स्ट्रीमर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून निघतं, पुन्हा दाबून लहान केलं जातं आणि मग अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचतं. ब्लूटूथमध्ये दर्जेदार मानला जाणारा एलडॅक (गाणं दाबून पाठवायचा एक प्रकार) सुद्धा सेकंदाला जास्तीत जास्त ९९० किलोबिट नेतो, सीडीचा आकडा १४११ आहे. पण खरी अडचण आवाजाची नाहीच. माझे काका सकाळी फोन खिशात टाकून वावरात गेले की घरात काकूचं भजन मध्येच बंद पडायचं. फोनची रिंग वाजली तर ती स्पीकरमधून.

खरा स्ट्रीमर वाय-फायवरून गाणं स्वतः ओढून घेतो, फोन फक्त रिमोटचं काम करतो. मात्र हे सगळ्याच पद्धतींना लागू नाही. स्पॉटिफाय कनेक्ट आणि गूगल कास्टमध्ये स्ट्रीमर थेट सर्व्हरशी बोलतो. आयफोनच्या एअरप्लेने फोनवरून गाणं पाठवलं तर ते बहुतेक वेळा फोनमधूनच जातं, म्हणजे फोन घराबाहेर गेला की गाणंही गेलं. म्हणून आधी तुम्ही रोज कुठलं अ‍ॅप ऐकता ते ठरवा, त्या अ‍ॅपमध्ये कास्टचं किंवा कनेक्टचं चिन्ह दिसतं का ते बघा, आणि ते चालवणारा स्ट्रीमर घ्या.

एकाच कंपनीच्या, उदाहरणार्थ वीमच्या, डब्यांमध्येही इथे फरक असतो. वीम मिनीमध्ये गूगल कास्ट नाही, वीम प्रोमध्ये आहे. वीम अल्ट्रा त्या दोघांपेक्षा महाग, पण त्यात एअरप्ले नाही. घरात आयफोन असेल तर महागडी डबी घेऊनही फसाल. परदेशी परीक्षणांत टायडल आणि कोबझ या गाण्यांच्या सेवांचं फार कौतुक असतं. त्या सेवा भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावावर पैसे जास्त मोजू नका.

गाणं अडकतं तेव्हा

आमच्याकडे राउटर छपरीत असतो, कारण फायबरची किंवा एअरफायबरची (छतावरच्या डब्यातून येणाऱ्या बिनतारी नेटची) वायर तिथूनच आत येते. अ‍ॅम्प्लिफायर माजघरात. मधे दीड-दोन फुटांची मातीची भिंत, नाहीतर लोखंडी कपाटांची रांग, वरून टिनाचं छप्पर. लोखंडी पत्रा वाय-फाय परतवून लावतो आणि जाड भिंत ते शोषून घेते. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा भिंतीपलीकडे फारसा जात नाही, २.४ चा जातो. त्यामुळे पहिला उपाय फुकटचा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या आणि स्ट्रीमर २.४ वर जोडा. गाण्याला वेग लागतोच किती? ३२० किलोबिटचं गाणं सेकंदाला अर्धा मेगाबिटही खात नाही. वेग कमी असला तरी चालतो, तो सलग हवा.

त्यानेही नाही भागलं तर लॅन केबल टाका. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, आपल्या घरांना वीस मीटर पुरते. विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नका, वेगळ्या पट्टीतून न्या. मी ज्या दोन घरी केबल टाकली, तिथून "अटकून राहिलं" असा फोन पुन्हा आला नाही. आता तर मी स्ट्रीमर सुचवताना पहिला प्रश्न हाच विचारतो की मागे लॅनचं पोर्ट आहे का. वीम मिनीला ते नाही, प्रोला आहे. भिंती मातीच्या असतील तर मिनीवर वाचलेले पैसे पुढे रिपीटरवर जातात.

घरात फायबर नाही आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आहे, असं असेल तर आणखी एक पेच असतो. हॉटस्पॉट देणारा फोन वावरात गेला की स्ट्रीमर पोरका. शिवाय ज्या फोनचा हॉटस्पॉट त्याच फोनच्या अ‍ॅपमधून स्ट्रीमर कधी कधी दिसतच नाही. सिम टाकायचा छोटा ४जी राउटर घ्या आणि तो खिडकीत ठेवा. फोन आणि स्ट्रीमर दोन्ही त्याच वाय-फायवर हवेत. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क सुरू असेल आणि स्ट्रीमर चुकून त्यावर जोडला गेला असेल, तर तो फोनला सापडणार नाही. हे मी एका घरी अर्धा दिवस शोधत बसलो होतो.

डेटाचा हिशोबही करून ठेवा. ३२० किलोबिटवर तासाला साधारण १४४ मेगाबाइट लागतात. सीडीच्या दर्जाचं फ्लॅक (दर्जा न गमावता दाबलेली फाइल) घेतलं तर तासाला साडेतीनशे ते साडेचारशे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचं हाय-रेझ (सीडीहून वरच्या दर्जाचं) ऐकायला गेलात तर एका तासातच गिगाबाइट ओलांडतो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर हाय-रेझ म्हणजे दुपारच्या आत डेटा संपला.

नेटचा भरवसाच नसेल तर गाणी घरात ठेवा. पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर गाणी भरून थेट वाजवणारा स्ट्रीमर शोधा, पण मागे यूएसबीचं भोक दिसलं म्हणजे झालं असं समजू नका. वीम मिनी आणि प्रो यांच्या मागचा यूएसबी-सी पोर्ट करंटसाठी आहे, पेनड्राइव्हसाठी नाही. अल्ट्रात तशी सोय आहे. हात चालत असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर मूड किंवा व्हॉल्युमिओ हे सॉफ्टवेअर टाकून तुम्ही स्वतः स्ट्रीमर बनवू शकता. त्यावर यूएसबी डिस्क छान वाजते आणि नेट नसलं तरी घरातल्या वाय-फायवरून फोन रिमोट बनतो. पण अचानक लाईन गेली की त्याचं मेमरी कार्ड खराब होण्याची भीती असते. आपल्याकडे लाईन दिवसातून किती वेळा अचानक जाते ते तुम्हाला माहीतच आहे. रास्पबेरी पाय लावणार असाल तर तो बॅकअपवर ठेवा आणि कार्डाची एक कॉपी काढून ठेवा.

लाईन

लाईन येते तेव्हा स्ट्रीमर आधी सुरू होतो आणि राउटर दोन-तीन मिनिटांनी. तोवर स्ट्रीमर वाय-फाय शोधून थकलेला असतो आणि लोकांना वाटतं तो बिघडला. दोन मिनिटं थांबून स्ट्रीमरचा प्लग काढून परत लावा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. कायमचा उपाय म्हणजे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस. ५ व्होल्टचं आउटपुटही असलेला घेतला तर राउटर आणि स्ट्रीमर दोन्ही त्यावर चालतात.

टीव्हीच्या किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या यूएसबी पोर्टवरून स्ट्रीमरला करंट देऊ नका. तिथे करंट कमी पडतो, डबी मधेच बंद होऊन परत सुरू होते आणि तुम्ही दोष नेटला देता. सोबत आलेलाच अ‍ॅडॉप्टर वापरा.

मृगाच्या आसपास आमच्याकडे विजा कडाडतात तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग भिंतीतून काढा आणि लॅन केबलही काढा. एअरफायबरचा डबा छतावर असतो आणि त्याची तांब्याची वायर खाली राउटरपर्यंत येते. ती वायर म्हणजे विजेला घरात यायची वाट.

चैत्र-वैशाखातलं तापमान वेगळंच संकट आहे. ४५ अंशांत टिनाखाली ठेवलेला राउटर दुपारी गळाठतो आणि गाणं तुटायला लागतं. तो भिंतीवरून काढून खाली, सावलीत ठेवा. स्ट्रीमर अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका, तिथेच सगळ्यात जास्त ताप असतो. कूलरच्या झोतातही नको, कारण त्या दमट हवेने मागच्या पिना हिरव्या पडतात आणि एका बाजूचा आवाज जायला लागतो. तसं झालं असेल तर सगळं बंद करून प्लग दोन-चार वेळा फिरवून घट्ट बसवा.

घुंई आवाज

स्ट्रीमर जोडला आणि स्पीकरमधून सतत घुंई यायला लागली, ही तक्रार मला गाणं अडकण्याच्या खालोखाल ऐकू येते. ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची असते आणि ती शोधायची एक सोपी रीत आहे. स्ट्रीमरची वायर अ‍ॅम्प्लिफायरमधून काढा. तरी घुंई राहिली तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा किंवा घरातल्या लाईनचा. गेली तर वायर परत लावा आणि स्ट्रीमर पॉवर बँकेवर चालवून बघा. पॉवर बँकेवर शांत झाला, तर दोष अ‍ॅडॉप्टरचा किंवा अर्थिंगचा.

अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल तर ऑप्टिकल केबल लावा. तिच्यातून वीज जातच नाही, फक्त प्रकाश जातो, त्यामुळे स्ट्रीमरकडून येणारी घुंई तिथेच तुटते. ते इनपुट नसेल तर अर्थिंग बघा. मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात वाळून कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतीच उरते. एप्रिल-मे महिन्यात त्या खड्ड्यात आठवड्यातून बादलीभर पाणी टाका. एका मामांकडे तेवढ्यानेच काम झालं. घुंई जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

इन्व्हर्टरवर असतानाच घुंई येत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा जड ट्रान्सफॉर्मर त्या विजेवर गुरगुरतो. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर हा त्रास होत नाही.

चुकीच्या भोकात वायर

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर फोनो असं लिहिलेली भोकं रिकामी दिसतात आणि वायर तिथे जाते. फोनो हे तबकडीच्या प्लेअरसाठी आहे. तो अगदी बारीक सिग्नल कित्येक पट वाढवतो आणि खालचे सूर मुद्दाम फुगवतो. तिथे स्ट्रीमर लावला की आवाज फाटतो आणि ढोलासारखा घुमतो. ऑक्स, टेप, ट्यूनर, सीडी यापैकी कुठेही लावा. पाच पिनांचं गोल भोक असेल तर त्याचा कन्व्हर्टर मिळतो.

भजन मंडळाचा अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर तो बहुधा मोनो असतो, म्हणजे त्यात डावा-उजवा आवाज वेगळा नसतो. डाव्या-उजव्या वायरी एकत्र पिळून त्यात खुपसू नका, स्ट्रीमरची दोन्ही आउटपुट एकमेकांशी झगडतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून दोन्ही वायरींमध्ये एकेक रेझिस्टर टाकून घ्या.

आवाज सगळा चढवला की फाटत असेल, तर स्ट्रीमरचं आउटपुट जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला झेपत नसावं. स्ट्रीमर साधारण २ व्होल्ट देतो, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरना त्याच्या पाव भागाचीही सवय नसते. काही अ‍ॅपमध्ये आउटपुटची पातळी कमी करायची सोय असते. ती नसेल तर अ‍ॅपमधला आवाज थोडा खाली घ्या आणि रोजचा कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरवरूनच करा.

आकड्यांमागे धावणं

१९२ किलोहर्ट्झ, ३८४ किलोहर्ट्झ, अमुक चिप. माझं मत स्पष्ट आहे, आपल्या बहुतेक घरांत या आकड्यांवर जास्तीचे पैसे घालू नयेत. मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांचं गाणं ऐकायचं असेल तर ती ध्वनिमुद्रणं मुळात त्या काळातल्या टेपवरची, सीडीचा दर्जा त्यांना पुरून उरतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं त्याहून जुनी, आवाज मोनो. आणि एप्रिल ते जून कूलर सुरू असताना ३२० किलोबिट आणि लॉसलेस (फ्लॅकसारखं, दर्जा न गमावलेलं) यांतला फरक मला तरी कधी ऐकू आलेला नाही. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये डॅक असेल किंवा घरात वेगळा डॅक असेल आणि स्ट्रीमर ऑप्टिकलने जोडणार असाल, तर स्ट्रीमरच्या आतला डॅक वापरातच येत नाही.

त्यापेक्षा दोन गाण्यांमध्ये तो आवाज तोडतो का ते बघा. मैफलीचं मुद्रण अनेक तुकड्यांत कापलेलं असतं. विलंबित संपून द्रुत सुरू होताना मधेच एक सेकंद मुका गेला तर मन खट्टू होतं. घ्यायच्या आधी गॅपलेस चालतं का ते विचारा, आणि ज्या अ‍ॅपने ऐकणार त्याच अ‍ॅपने तपासा.

जुनी वस्तू स्वस्तात

गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ अजून लोक जुन्या बाजारात घेतात. २०१५ ला आलं, जानेवारी २०१९ मध्ये बनणं थांबलं. छोटं आहे, आवाज चांगला आहे, ऑप्टिकलही निघतं. पण मार्च २०२५ मध्ये आतलं एक प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं आणि जगभरातली ही डबी काही दिवस अचानक मुकी झाली. कंपनीने नंतर दुरुस्ती पाठवली. जुनी वस्तू घेताना एवढं गृहीत धरा की तिचा मालक तुम्ही असलात तरी ती चालते दुसऱ्याच्या सर्व्हरवर.

घरात जुना अँड्रॉइड फोन पडला असेल तर तो आधी लावून बघा. यूएसबी-सीला लावायचा छोटा डॅक आणि एक वायर, बस. सूचनांचे आवाज बंद करा, सिम काढून ठेवा. फोन रात्रंदिवस चार्जिंगला लावून मात्र ठेवू नका, उन्हाळ्यात त्याची बॅटरी फुगते.

आणि नवीन डबी आली की परत करायची मुदत संपायच्या आत ती संध्याकाळी सात ते नऊमध्ये वाजवून बघा. त्या वेळी सगळं गाव मोबाइलवर असतं. एकदा मेन स्विच बंद करून दहा मिनिटांनी सुरू करा आणि कोणी हात न लावता डबी परत जागेवर येते का ते बघा. सगळी दारं लावून बघा. खोकं आणि बिल तोवर फेकू नका.