पहिल्या धावेआधीचे पंधरा दिवस

नवरात्रातली कालिकेची यात्रा संपली, पाऊस ओसरला की सकाळचं धावणं सुरू करायचं, असं तुम्ही ठरवलं असेल तर मुहूर्त चांगला निवडलात. नाशिकचे रस्ते तेव्हा कोरडे असतात, ऊन कोवळं असतं आणि कडाक्याची थंडी पडायला दोन-अडीच महिने असतात. फक्त पहिल्या दिवशी बूट चढवण्याआधी पंधरा दिवस तयारीला द्या. मी ते दिले नव्हते. त्रेचाळिसाव्या वर्षी रक्ताचा रिपोर्ट पाहून घाबरले आणि दुसऱ्याच सकाळी धावत सुटले. तीन आठवड्यांत दम सुधारला, म्हणून अंतर वाढवत गेले. सहाव्या आठवड्यात नडगी इतकी दुखायला लागली की जिना उतरताना कठडा धरावा लागे. पुढचे दोन महिने घरात गेले.

तेव्हा कळलं ते असं. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, स्नायू त्यांच्या मागोमाग. पण स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे आणि खुद्द हाडं यांना महिने लागतात. वयाबरोबर हे अंतर वाढतं. दम भरवशाचा वाटायला लागतो नेमक्या त्याच दिवसांत पाय दुखावतात. सावरपाड्याची कविता राऊत आपल्याच जिल्ह्यातली. 2010 मध्ये तिने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. ते पाय लहानपणापासून घडत आले होते. आपले पाय वीस वर्षं टेबलाखाली होते, त्यांना वेळ द्यायलाच हवा.

पहिलं काम रक्ताचं. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन एवढं तपासून घ्या. एचबीएवनसी म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर. आकडा 5.7 च्या खाली असेल तर ठीक, 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि 6.5 किंवा त्यापुढे मधुमेह. बायकांनी हिमोग्लोबिनकडे दुर्लक्ष करू नये. ते 12 च्या खाली असताना धाप लागली तर दोष सवयीचा नसतो, रक्ताचा असतो, आणि तो आधी दुरुस्त करावा लागतो. मग हे रिपोर्ट घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि ‘मी धावायला सुरुवात करणार आहे’ असं स्पष्ट सांगा. रक्तदाब, साखर, तंबाखू किंवा घरात कमी वयात कुणाला आलेला हृदयविकार, यांतलं काहीही असेल तर तेही लपवू नका. ईसीजी पुरेल की फिरत्या पट्ट्यावर चालवून स्ट्रेस टेस्ट करायची, हे ते ठरवतील. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर धावण्याच्या दिवशी डोस कसा ठेवायचा ते विचारा. साखर अचानक उतरली तर म्हणून ग्लुकोजची पुडी खिशात ठेवा आणि रोज संध्याकाळी तळपाय उजेडात नीट पाहा, कारण मधुमेहात तिथली जखम दुखेलच असं नाही.

रक्तदाब घरी मोजणार असाल तर तोही नीट मोजा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, दंड छातीच्या उंचीला. बोलायचं नाही. आमच्याकडे सासरे गप्पा मारत मोजायचे आणि आकडा रोज वर दिसायचा.

आता बूट. बाकी कशावर खर्च केला नाही तरी चालेल, पण चालायच्या किंवा कॉलेजात घालायच्या बुटांवर धावू नका. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. धावताना जे मोजे घालणार तेच घालून जा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे. बहुतेकांना नेहमीच्यापेक्षा अर्धा नंबर मोठा लागतो. दुकानातच थोडं धावून बघा. टाच वर सरकत असेल तर लगेच बूट नाकारू नका, आधी नाडी बदलून पाहा. अगदी वर, घोट्याजवळ, एक जादा भोक असतं, ते बहुतेक जण रिकामंच सोडतात. नाडी त्याच बाजूच्या भोकात परत आत घालायची म्हणजे दोन्हीकडे छोटे फासे तयार होतात. मग डावं टोक उजव्या फाशातून, उजवं डाव्यातून ओवून खाली ओढायचं आणि गाठ मारायची. टाच जागेवर बसते आणि बोटं पुढे आदळून नखं काळी पडत नाहीत. मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओल्या कातडीचं घर्षण वाढतं आणि फोड येतो. बायकांनी स्पोर्ट्स ब्राचा खर्च बुटांइतकाच गरजेचा मानावा. एक जोडी बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर चालते, म्हणून विकत घेतल्याची तारीख आतल्या बाजूला पेनने लिहून ठेवा.

या पंधरा दिवसांत धावायचं नाही, रोज अर्धा तास झपाझप चालायचं. एवढं चालणं आठवड्यातून पाच दिवस सहज जमत नसेल तर आणखी दोन आठवडे चालाच, त्यात काही कमीपणा नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते. म्हणजे नुसत्या या चालण्याने पहिला भाग पुरा होतो. ताकदीचा भाग स्वयंपाकघरात होईल. दूध तापत असताना ओट्याला बोटं टेकवून टाचा उचला, सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. बारा वेळा गुडघे ताठ ठेवून, बारा वेळा किंचित वाकवून. पोटरीचे दोन स्नायू वेगवेगळे आहेत, आणि खोलवरच्या स्नायूला दुसऱ्या प्रकारात जास्त काम पडतं. मग हात न टेकता खुर्चीवरून बारा उठबशा. माझी नडगी बरी झाल्यावर ती पुन्हा दुखली नाही, त्याचं श्रेय मी या दोन व्यायामांना देते. धावणं सुरू झाल्यावरही हे सोडायचे नाहीत.

जागा आधी जाऊन बघून या. सुरुवातीला मातीचा सपाट ट्रॅक सगळ्यांत बरा. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लब मैदान, यांतलं जे घरापासून जवळ ते निवडा. गंगापूर रोडवर पहाटे धावायचा मोह होतो, पण तो नंतरसाठी ठेवा. पांडवलेणीच्या पायऱ्या तर पहिले तीन महिने नकोतच, चढताना नुसती धाप लागते, उतरताना गुडघे सोसतात. रस्त्यावरून धावायचंच झालं तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं. दिवाळीनंतर सूर्य उशिरा उगवतो, म्हणून अंगात फिकट किंवा चमकणाऱ्या पट्टीचा शर्ट असावा. कानात काही नको. खिशात नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. उठल्यावर पाणी, अर्धं केळं किंवा दोन खजूर एवढं अर्ध्या तासाच्या धावण्याला पुष्कळ झालं. परत आल्यावर उसळ, अंडी, दही, शेंगदाणे असं प्रथिनांचं काहीतरी पोटात जावं. रविवारची मिसळ सोडायला मी सांगणार नाही, फक्त ती धावून आल्यावर. झोप मात्र सात तासांच्या खाली नको, कारण हाडं आणि कंडरे झोपेतच सावरतात.

पहिल्या सकाळचं वेळापत्रक कागदावर लिहून ठेवा. पाच मिनिटं चालणं. मग एक मिनिट हळू धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. शेवटी पाच मिनिटं चालणं. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. दर आठवड्याला धावण्याचा वाटा थोडा वाढवायचा. तीन महिन्यांत सलग अर्धा तास जमलं तरी छान आहे. वेगासाठी घड्याळ लागत नाही. ट्रॅकवर रोज येणारे एक काका मला पहिल्यांदा म्हणाले होते, “ताई, एक वाक्य पूर्ण बोलून दाखवा बघू.” मला तीन शब्दांपुढे जाता येईना. “मग हळू करा, बोलता येईल इतकं.” त्याहून चांगलं मोजमाप मला अजून सापडलेलं नाही.

दुखणं ओळखायलाही आधीच शिकून घ्या. धावून आल्यावर नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा खालपासून वरपर्यंत दाबत न्या. वीतभर भागात पसरलेलं दुखत असेल तर तो ताण आहे, आठवडाभर नुसतं चाला. पण एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला सूक्ष्म चीर गेली असू शकते. मग धावणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, अचानक घेरी, श्रमाच्या मानाने भलतीच धाप, यांतलं काहीही झालं तर तिथेच थांबा, बाजूच्या माणसाला सांगा, 108 ला फोन करा. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत घरी चालत येऊ नका.

उरलं एक काम, आणि बायकांच्या बाबतीत बेत बहुतेकदा इथेच मोडतो. घरच्यांशी बोला. मी अर्धा तास मागतेय असं नका म्हणू, या तीन दिवशी सकाळी सहा ते पावणेसात मी घरात नसेन, तेव्हा दूध कोण घेणार आणि डबा कोण भरणार ते विचारा. सासू-सासऱ्यांच्या औषधांची वेळही त्यातच ठरवा. आमच्याकडे सोमवार, बुधवार, शनिवारचा डबा नवरा भरतो. भाजी आम्ही रात्रीच चिरून ठेवतो, माझे कपडे खुर्चीवर आणि बूट दाराशी असतात. मी जिना चढून येते तेव्हा कुकरची दुसरी शिट्टी होत असते.