ओल्या पायांची तयारी

सोलापूरच्या कंबर तलावाला रोज फेऱ्या मारणाऱ्या आमच्या गटातल्या चौघीजणी सप्टेंबरात उत्तर युरोपातल्या एस्टोनियाला निघाल्यात. आमचे हे आणि मी गेल्या वर्षी लेकीकडे टॅलिनला जाऊन आलो, तेव्हापासून "काय काय न्यायचं ते एकदा लिहून दे" म्हणून चौघींचा तगादा चाललाय. टॅलिन शहरासाठी वेगळी तयारी लागत नाही. हे सगळं लिहितेय ते रबासाठी. रबा म्हणजे तिथल्या भाषेत उंच वाढलेली दलदल. तिच्यावरून लाकडी फळ्यांची पायवाट जाते आणि तिथले लोक रविवारी लेकरंबाळं घेऊन तिच्यावरून फिरतात.

आधी मनातून एक गोष्ट काढा. हा ट्रेक नाही. टॅलिनपासून साधारण ५० किलोमीटरवर, लाहेमा राष्ट्रीय उद्यानात विरू रबा आहे. तिथली वाट सगळी मिळून साडेतीन किलोमीटरची आणि जवळजवळ सपाट. मध्यावर एक लाकडी मनोरा आहे. गुडघे कुरकुरत असतील तर मनोऱ्यापर्यंत जाऊन परत फिरा, काही बिघडत नाही. चढ नाही, दम नाही. भीती आहे ती ओलाव्याची, आणि तिथेच आपण सोलापूरकर कच्चे. उन्हाला काय लागतं ते आपल्याला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. पाय ओला होऊन गार पडला की काय करायचं, हे मात्र मला साठाव्या वर्षी कळलं.

म्हणून पहिली खरेदी बुटांची. पाणी आत न शिरणारे, घोट्यापर्यंत येणारे, तळव्याला चांगली नक्षी असलेले बूट घ्या आणि आत्ताच घ्या. निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलेला बूट चावतो. महिनाभर तलावाच्या फेऱ्या त्याच बुटात मारा, बायका हसल्या तर हसू द्या. मोजे सुती नकोत. सुती मोजा एकदा भिजला की दिवसभर ओलाच राहतो. लोकरीचे दोन जोड घ्या, एक पायात आणि एक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकमध्ये. सोबत छोटा सोलापुरी टॉवेल असू द्या. चादर नेऊ नका. मी नेली होती, दोन किलो वजन उगाच झालं आणि ती लेकीकडेच राहिली.

ही सुकी जोडी का न्यायची तर ऐका. आमच्या ह्यांना फोटोसाठी दोन पावलं मागे सरायची सवय आहे. फळी दोन वीत रुंद, मागे सरायला जागा कुठली? उजवा पाय खाली गेला तो थेट गुडघ्यापर्यंत. चिखल नव्हता हो, भिजलेल्या गादीत पाय घालावा तसं मऊ, थंडगार काहीतरी, आणि पाय वर काढताना 'पच्‌' असा आवाज आला. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय रुतला तर चप्पल गेली समजायची. इथे बूट परत आला, पण त्यात वाटीभर पाणी होतं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. मनोऱ्याच्या पायरीवर बसून टॉवेलने पाय पुसला, मोजे बदलले, तेव्हा कुठे ह्यांचा आवाज परत आला. म्हणून फोटो काढायचा असेल तर आधी उभं राहा, मग फोन काढा.

फळीवर चालायचा सराव इथेच होतो. ज्याला शेताच्या बांधावरून पाण्याची घागर घेऊन जाता येतं त्याला काहीही शिकवायला नको. ज्यांचं सगळं आयुष्य फ्लॅटमध्ये गेलंय त्यांनी फरशीच्या एका ओळीवरून रोज दहा मिनिटं चालून बघावं. समोरून कोणी आलं तर फळी जिथे रुंद केलेली असते तिथे थांबायचं, खाली उतरून वाट द्यायची नाही. पाऊस पडून गेला असेल तर फळी शेवाळलेल्या घाटासारखी निसरडी होते. हळू चाला, घाई कसली?

खाली उतरायचं नाही ते आपल्या पायांसाठी, आणि त्या जागेसाठीही. नर्सरीत कुंडीसाठी कोकोपीट मिळतं ना, त्या नावातलं पीट म्हणजे हेच. पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून मेलेलं शेवाळ कुजत नाही, थरावर थर चढत जातो. वर्षाला कसाबसा एक मिलिमीटर. म्हणजे ह्यांचा पाय जिथे टेकला तिथे शे-पाचशे वर्षांचा साठा होता. असं वाढत वाढत मधला भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच होतो, तिथे ना ओढ्याचं पाणी पोचत ना झऱ्याचं, सगळी मदार पावसावर. मला वाटलं होतं तिकडे धो धो कोसळत असेल. तर नाही. तिथला वर्षाचा पाऊस साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर, आपल्या जिल्ह्यापेक्षा फार जास्त नाही. फक्त तो बारा महिन्यांत वाटून पडतो आणि ऊन त्याला उडवून नेत नाही. आपला चार महिन्यांत पडतो आणि एप्रिलपर्यंत टँकर सुरू होतात. हे कळल्यावर मी मनोऱ्यावर बराच वेळ नुसती उभी होते.

कपड्यांचं थोडक्यात. साडी घरी ठेवा, सलवार किंवा पँट घाला. ती बुटाच्या वर मोज्यात खोचता यावी, कारण रबाच्या कडेच्या जंगलात, गवतात गोचीड असते आणि ती माणसालाही चिकटते. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या मुळाशी तपासा. जाण्याआधी त्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. सप्टेंबरात तिथे दिवसा १५ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे आपल्या डिसेंबरातल्या पहाटेसारखं. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. छत्री नको. रबावर आडोसा नसतो, वाऱ्याने छत्री उलटी होते आणि फळीवर दोन्ही हात मोकळे हवेत. टोपीचा रेनकोट घ्या. जून-जुलैत जाणाऱ्यांनी डासांचं मलम विसरू नये, सप्टेंबरात तो त्रास कमी.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपण राजे आहोत. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी याहून चांगली वाटेवरची शिदोरी जगात नसेल. खराब होत नाही, हात ओशट होत नाहीत. भाकरी डब्यात उभी रचा, नाहीतर टॅलिनला पोचेपर्यंत तिचा चुरा होतो. तूप, पेढे, खव्याचं काहीही बॅगेत ठेवू नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून टाकतात. धपाटे दह्यात भिजवलेले असतील तर तेही राहू द्या. वाटेवर ना टपरी ना हॉटेल, पाण्याची बाटली आणि थर्मासमध्ये चहा सोबत हवा. आणि हो, गाड्या लावतात तिथल्या शौचालयात पाणी नसतं. एक जादा बाटली आणि कागद जवळ ठेवा. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतेय.

रिकामी डबी न्या. सप्टेंबरात शेवाळात लाल क्रॅनबेरी पिकलेल्या असतात आणि घरी खाण्यापुरत्या तोडायला तिथे मनाई नाही. पण फळीवर बसून हात पोचेल तेवढ्याच. चव चिंचेला मागे टाकणारी. माझ्या लेकीने तिखट-गूळ घालून तिचं लोणचं केलं, फक्कड झालं. भिंग असेल तर तेही न्या. कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसणारा दवबिंदू आठवतो का, पानाच्या केसांवर चिकट थेंब असणारा, किडे खाणारा? त्याचा भाऊबंद इथे फळीच्या कडेलाच असतो, रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान पानांचा, लालसर. या जमिनीत खतपाणी काहीच नाही, म्हणून बिचारा किडे पकडतो. माणसाच्या उंचीची पाइनची झाडं दिसतील, ती शंभरी ओलांडलेली असू शकतात. सकाळच्या उन्हात फळीवर एखादा साप पहुडलेला असतो, पाठीवर नागमोडी पट्टा असेल तर विषारी. पाय आपटत जा, तो आपणहून सरकतो. मदतीचा नंबर तिथेही ११२ आहे, आपल्यासारखाच.

कागदपत्रांचं तुमची मुलं बघतीलच. फक्त शेंगेन व्हिसासाठी (एस्टोनियासकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या निदान १५ दिवस आधी करावा लागतो, हे ध्यानात ठेवा. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं आणि मोठी बॅग मागे राहू शकते.

शेवटचं म्हणजे रद्दी. हसू नका. तीन-चार दिवसांचे मराठी पेपर बॅगेच्या तळाशी घालाच. जाताना चटणीच्या बरण्या गुंडाळायला होतात आणि रबावरून परतल्यावर ओल्या बुटात बोळे करून कोंबले की रात्रीत बूट सुकतो. आमच्या ह्यांनी सकाळी तो बोळा सोडवून हीटरवर वाळवला आणि चहा पीत त्यातलं शब्दकोडं पूर्ण केलं. दोन चौकटी बुटाच्या टाचेने फाटल्या होत्या, त्या तेवढ्या राहिल्या.