रीफ टँकमध्ये (खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीत) कोरल मिटलंय? औषध ओतण्याआधी या चुका तपासा

सकाळी लाइट लागला की फुलणारे झोअँथिड (फुलासारखं दिसणारं मऊ कोरल) मुठीसारखे मिटलेले, गोगलगायी काचेवरून गळून वाळूत उताण्या पडलेल्या, आणि क्लाउनफिशची जोडी मात्र ठणठणीत. माझ्या ६० लिटरच्या टाकीत हे दिसलं तेव्हा तीन दिवस मी लाइटवरच संशय घेत बसलो. चोर स्वयंपाकघरात निघाला. महिन्यापूर्वी घरात 'कॉपर'वाला, म्हणजे पाण्यात तांबं मिसळणारा, आरओ बसवला होता आणि टाकीतून वाफ होऊन उडालेल्या पाण्याची रोजची भर मी त्याच नळातून घालत होतो. माणसाला ते पाणी चालतं. गोगलगाय, कोळंबी आणि कोरलला मात्र कणभर तांबंही विष. मासे त्याहून बरंच सोसतात, म्हणून मासे मजेत आणि बाकी सगळे मलूल असं दिसलं की आधी तांबं आठवा.

माशांच्या अंगावर येणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावरची बरीच औषधंही तांब्याचीच असतात. ती मुख्य टाकीत ओतू नका, दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात. आजारी मासा वेगळ्या टबात काढा.

साधा घरगुती आरओही पुरेसा नाही. चव यावी म्हणून त्यात थोडं न गाळलेलं पाणी किंवा खनिजं मिसळलेली असतात. आरओनंतर डीआय कार्ट्रिज (उरलेले क्षार काढणारं) लावा आणि टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) शून्य दिसल्याशिवाय ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका.

दुसरी चूक भर घालण्याची, आणि ती नवशिके हमखास करतात. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. मे महिन्यात पंखा लावलेल्या ६० लिटरच्या टाकीतून रोज लिटरभर पाणी उडालं आणि आठवडाभर भर घातली नाही, तर ३५ पीपीटीची (हजार भागांत ३५ भाग मीठ) खारटता जवळपास ४० वर जाते. 'खाऱ्या पाण्याची टाकी, मग भरही खारीच' असं म्हणून मिठाचं पाणी ओतलंत, तरी आठवड्यात ३९ च्या आसपास पोचता. भर नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याची. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज त्या रेघेपर्यंत पाणी आणा. खारं पाणी लागतं ते पाणी बदलताना. तेही बादलीत समुद्री टाकीसाठीचं मीठ घालून, पंपाने ढवळून, तापमान जुळवून. टाकीतच मीठ टाकणाऱ्याला काय म्हणावं!

खारटता मोजायला काटा हलणारा हायड्रोमीटर नको, काट्याला बुडबुडा चिकटला की तो खोटं बोलतो. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून खारटता दाखवणारा) घ्या आणि ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर त्याचं माप जुळवून घ्या.

समुद्र दारात असताना मीठ विकत कशाला, हा प्रश्न मुंबईत हटकून येतो. किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात त्याची खारटताही उतरते. मालवणहून आठवण म्हणून कोरलचा तुकडा उचलून आणणं तर गुन्हाच: दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

उन्हाळ्यात पाणी २९-३० अंशांवर टिकून राहिलं की कोरल आपल्यातलं शैवाल सोडून पांढरं पडायला लागतं. पाण्यावर तिरपा लावलेला छोटा पंखा दोन-तीन अंश खाली आणतो, पण हवा दमट असली की त्याचा जोर ओसरतो. म्हणून मी लाइट दुपारी लावतच नाही, संध्याकाळी पाच ते रात्री एक. आपण घरी असतो तेव्हाच टाकी उजळलेली दिसते, हा वरचा फायदा. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात बॅटरीवरचा एअरपंप ठेवाच.

डास मारायचा स्प्रे त्या खोलीत नको. टाकी नवी असेल तर चार ते सहा आठवडे, अमोनिया आणि नायट्राइट (नव्या टाकीत साठणारी विषं) शून्यावर येईपर्यंत, कोरल आणू नका. त्या काळात काचेवर तपकिरी थर येतोच, घाबरून औषध टाकू नका.

तांब्याच्या प्रकरणात मी दर दोन दिवसांनी १० लिटर पाणी बदललं आणि फिल्टरमध्ये ताजा कार्बन घातला. अकराव्या दिवशी दोन झोअँथिड अर्धवट उघडले. गोगलगायी पुन्हा आणायला मात्र दोन महिने हात धजला नाही.