क्रोक पार्कला चालत जायचं तर

जुलैतल्या रविवारी डब्लिनमध्ये हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) किंवा गेलिक फुटबॉलची ऑल-आयर्लंड फायनल असेल आणि तुमच्या हाती तिकीट असेल, तर क्रोक पार्कला चालतच जा. गाडी घरी ठेवा. मैदानाभोवतीच्या गल्ल्या मॅचच्या दिवशी बंद असतात, पार्किंग मिळत नाही, आणि टॅक्सीवाला तुम्हाला जिथे सोडेल तिथून पुढे चालावंच लागतं. शिवाय या मॅचची निम्मी गंमत रस्त्यावरच असते. मी ड्रमकाँड्रात राहते, नर्स आहे आणि मूळची कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली. त्यामुळे मॅचच्या दिवशी इथला रस्ता कसा भरतो ते मला खिडकीतूनच दिसतं, आणि खेळावरून आख्खी पेठ कशी पेटते हे मला कुणी शिकवायला नको.

निघण्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुम्ही कुणाकडून? रस्त्यात, रांगेत, शेजारच्या खुर्चीवरून हा प्रश्न येणारच, आणि "दोघंही चांगले खेळतात" हे उत्तर कुणाला आवडत नाही. इथे टीम म्हणजे काउंटी (आपला जिल्हा म्हणा), म्हणजे तुमचं गाव. पोरगा ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, वाढला तिथल्या क्लबकडून खेळतो, चांगला निघाला तर काउंटीकडून खेळतो. पगार नाही. फायनल खेळणारा माणूस एरवी शाळेत शिकवतो, शेती बघतो नाहीतर कुठल्यातरी ऑफिसात बसतो. आपल्याकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम भिडतात तेव्हा मैदानावरची पोरं कुणाची कोण ते गॅलरीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तसंच हे, फक्त ब्याऐंशी हजार लोकांसमोर. एक फरक मात्र मोठा आहे. इथे दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसतात, मध्ये पोलिसांची भिंत नसते. कोल्हापुरात हे करून बघा.

आपण बाहेरून आलेली माणसं, त्यामुळे आपल्याला काउंटी निवडायची मुभा आहे. राहता तिथली घ्या, घरमालकाची घ्या, पहिल्या साहेबाची घ्या, पण एकदा घेतली की सोडू नका. मी कॉर्ककडून, कारण आयर्लंडमधली माझी पहिली नोकरी तिथली. कॉर्कने हर्लिंगची फायनल शेवटची जिंकली 2005 साली. 2024 ला क्लेअरने एक्स्ट्रा टाइममध्ये एका पॉइंटने हरवलं. 2025 ला हाफटाइमला आम्ही सहा पॉइंटने पुढे होतो, आणि शेवटी टिपररी 3-27, कॉर्क 1-18. हे आकडे वाचायचे कसे ते इथेच सांगते, म्हणजे आत गेल्यावर बोर्डाकडे बघत बसायला नको. डावीकडचा आकडा गोलचा, उजवीकडचा पॉइंटचा. गोल म्हणजे तीन पॉइंट. म्हणजे टिपररी 36, कॉर्क 21. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या पोरांना दोन पॉइंट मिळाले. दोन. जाऊ दे.

तिकिटाचं थोडक्यात सांगते. फायनलची बहुतेक तिकिटं क्लब आणि काउंटी बोर्डांमार्फत वाटली जातात. जवळच्या क्लबात मुलाला खेळायला घातलं असेल किंवा ऑफिसात क्लबवालं कुणी असेल तर वशिला लावायची हीच वेळ. नाहीच जमलं तर क्वार्टर किंवा सेमीफायनल बघा. त्यांची तिकिटं ऑनलाइन मिळतात, अनेकदा एका तिकिटात दोन मॅच असतात, आणि रस्त्यावरचा रंग तेवढाच गडद असतो. डॉर्सेट स्ट्रीटवर "तिकीट घ्यायचंय, विकायचंय?" असं पुटपुटत फिरणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. 2021 च्या कायद्यानंतर अशा कार्यक्रमांची तिकिटं मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकणं गुन्हा आहे. तुमचं तिकीट फोनवर असतं, ते घरूनच डाउनलोड करून ठेवा. मैदानाजवळ हजारो फोन एकदम चालू असतात तेव्हा नेटवर्क रडतं.

आता वाट. मॅच साडेतीनला असेल तर ओ'कॉनेल स्ट्रीटवर एक वाजता या. एरवी तिथून मैदान अर्ध्या तासावर आहे, पण त्या दिवशी भराभर चालायचंच नाही. कॉर्क, केरी, लिमरिक, गॉलवेकडच्या ट्रेन ह्यूस्टन स्टेशनला येतात, तिथली माणसं लुआस ट्रामने गावात उतरतात. त्या ट्रामच्या डब्यातच गाणी सुरू झालेली असतात. स्लायगो आणि वेक्सफर्डकडची माणसं कॉनली स्टेशनला उतरतात. त्यांना अमिएन्स स्ट्रीटवरून फाइव्ह लॅम्प्स आणि मग बॅलीबॉक असा जवळचा रस्ता आहे. वाट चांगली आहे, मैदानाच्या कुसॅक स्टँडच्या बाजूला नेऊन सोडते, पण पहिल्यांदा जात असाल तर माझं ऐका आणि डॉर्सेट स्ट्रीटनेच जा.

ओ'कॉनेल स्ट्रीट चढून पार्नेल स्क्वेअर, नॉर्थ फ्रेडरिक स्ट्रीट आणि मग डॉर्सेट स्ट्रीट. इथून पुढे नकाशा लागत नाही, गर्दीच नेते. फुटपाथ पुरत नाही म्हणून माणसं रस्त्यावर उतरतात आणि बसचे ड्रायव्हर हॉर्न वाजवतात. त्यातले काही रागाने, काही आपल्या काउंटीची जर्सी दिसली म्हणून. कॉर्कचा लाल-पांढरा, टिपररीचा निळा-पिवळा, किलकेनीचा काळा-पिवळा, क्लेअरचा केशरी-निळा, हे रंग पाठ करून जा, म्हणजे लांबूनच कोण कुठला ते कळेल. कॉर्कवाल्यांचं एक खूळ आहे: लाल-पांढरा दिसेल तो झेंडा आपला. जपानचा झेंडा पाठीवर गुंडाळलेला माणूस दिसला तर तो टोकियोचा नसून कॉर्कमधल्या मॅलोचा असतो.

विक्रेत्या बायका ठरलेल्या कोपऱ्यांवर उभ्या असतात. "हॅट्स, फ्लॅग्ज, हेडबँड्स!" ही आरोळी एका सुरात, शेवटचा शब्द लांबवून. त्यांच्या एका हातावर एका टीमचे रंग, दुसऱ्या हातावर दुसऱ्या टीमचे. धंद्यात पक्षपात नाही. जर्सी महाग पडते आणि ती आधीच दुकानातून घेतलेली बरी. इथे हेडबँड किंवा कागदी टोपी घ्या. सुट्टे पैसे काढा आणि तिथे भाव करू नका. मी एकदा सवयीने "दोन घेतल्या तर?" असं विचारलं, तर बाईने माझ्या लाल जर्सीकडे बघून सांगितलं, "बाळा, तुमचे जिंकले तर उद्या ये, फुकट देते." त्या वर्षीही आम्ही हरलो.

खायचं घरून न्या. आयरिश माणसं चांदीच्या कागदात गुंडाळलेली हॅम सँडविच आणि थर्मासमधला चहा आणतात. दूर गाडी लावलेली कुटुंबं डिकी उघडून तिथेच पंगत मांडतात. माझ्याकडे पोळीचे रोल आणि भडंग असतं. भडंगाची पिशवी उघडली की ओळखी आपोआप होतात, फक्त तिखट आहे हे आधी सांगा. मैदानाजवळच्या व्हॅनवर शाकाहारी माणसाला चिप्सशिवाय फारसं काही मिळत नाही. पिशवी लहान ठेवा, मोठी सॅक गेटवर अडवतात. छत्री आणू नका, मागच्याच्या शिव्या खाव्या लागतील. पातळ रेनकोट आणा. जुलैतही एक सर येऊन जाते आणि पाठोपाठ ऊन पडतं.

नॉर्थ सर्क्युलर रोडचा चौक आला की दोन पर्याय आहेत. बहुतेक जण तिथून उजवीकडे वळून रसेल स्ट्रीट गाठतात. तिथल्या पबबाहेर एवढी माणसं ग्लास घेऊन उभी असतात की मधून वाट काढताना दर पावलाला सॉरी म्हणावं लागतं. वेळ असेल तर वळू नका, सरळ बिन्स ब्रिजपर्यंत जा. तिथे रॉयल कालव्याच्या काठावर ब्रेंडन बेहानचा पुतळा बाकावर बसलाय, शेजारी एक पक्षी. हा लेखक याच रसेल स्ट्रीटवर वाढला. मॅचच्या दिवशी त्याच्या गळ्यात कुणीतरी स्कार्फ घालतंच, आणि पोरं मांडीवर बसून फोटो काढतात. आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांना इथे दहा मिनिटं बसवा, कारण यापुढे बसायला जागा नाही. मग कालव्याच्या कडेने मैदानाकडे चला. स्टँडचा लोखंडी सांगाडा घरांच्या छपरांवरून एकदम वर येतो. एवढी मोठी वास्तू आणि पायथ्याशी विटांची बुटकी घरं, त्यांच्या दारात खुर्च्या टाकून बसलेल्या म्हाताऱ्या.

इथून पुढे तिकिटावर लिहिलेला रस्ता पाळा. होगन स्टँड जोन्सेस रोडच्या बाजूला, कुसॅक बॅलीबॉकच्या बाजूला. चुकीच्या बाजूने गेलात तर गार्डा (इथले पोलीस) आत सोडत नाहीत आणि मैदानाला वळसा घालताना गर्दीत वीस मिनिटं सहज जातात. दुपारच्या मॅचला कुसॅकमध्ये ऊन थेट तोंडावर येतं, टोपी लागेल. होगनमध्ये सावली असते. उभं राहून बघायचं असेल तर हिल 16, पण ती डब्लिनवाल्यांची जागीर. डब्लिन खेळत असेल तर दुसरा रंग घालून तिथे जायचं धाडस पहिल्याच खेपेला करू नका. शेजारचे काका तुम्हाला सांगतील की हिल 16 ही 1916 च्या उठावात पडलेल्या इमारतींच्या राडारोड्यावर उभी आहे. ती त्याआधीच, 1915 साली उभी राहिली होती. तरी मान डोलवा, काकांचा दिवस खराब करू नका.

होगन कोण, हे मात्र आई-बाबांना नक्की सांगा. 21 नोव्हेंबर 1920 ला याच मैदानावर मॅच चालू असताना ब्रिटिश दलांनी गर्दीवर गोळीबार केला. चौदा माणसं गेली, त्यात टिपररीचा खेळाडू मायकल होगन होता. माझ्या बाबांनी हे ऐकलं आणि पहिला शब्द काढला तो "जालियनवाला". तिथे एकोणीसच महिने आधी तेच झालं होतं. त्यानंतर बाबांनी मॅच कॉर्ककडून न बघता टिपररीकडून बघितली, यावर घरी अजून भांडण आहे.

मॅच सुरू व्हायच्या निदान अर्धा तास आधी जागेवर बसा. आर्टेन बँडच्या मागे दोन्ही टीम मैदानाला फेरी मारतात, कॅप्टन सगळ्यात पुढे, आणि तुमची टीम समोरून जाते तेव्हा जो आवाज उठतो तो तिकिटाचे पैसे वसूल करतो. राष्ट्रगीत संपायची वाट इथे कुणी बघत नाही, शेवटच्या ओळीवरच गर्जना चढते. दचकू नका. हर्लिंग पहिल्यांदा बघत असाल तर चेंडू शोधू नका, तो दिसणार नाही. ज्याने काठी वर उचललीय त्याच्याकडे बघा. सत्तर मिनिटं कशी जातात कळत नाही.

शिट्टी वाजली की घाई करू नका. जिंकलेला कॅप्टन होगन स्टँडमध्येच चषक उचलतो आणि भाषण आयरिश भाषेत सुरू करतो, ते बघून निघा, तोवर बाहेरची पहिली लाट ओसरते. गुडघेदुखीवाले सोबत असतील तर आणखी वीस मिनिटं खुर्चीवरच बसून राहा. परतीची ट्रेन साडेसातच्या आतली ठेवू नका. एक्स्ट्रा टाइम झाला तर पंचाईत होते. परतताना त्याच डॉर्सेट स्ट्रीटने चालत जा. हरलेल्या जर्सीत असाल तर जिंकलेले लोक थांबवून हात मिळवतील, "पुढच्या वर्षी" म्हणतील. मनापासून म्हणतात. तुम्हीही थँक्यू म्हणा आणि चालत राहा.

सोमवारची सकाळची शिफ्ट कुणाशी तरी बदलून घ्या. 2025 च्या फायनलनंतर मी घेतली नव्हती, आणि पहिल्याच बेडवर टिपररीचे आजोबा होते. बीपीचा पट्टा बांधून होईपर्यंत त्यांनी सत्तावीसच्या सत्तावीस पॉइंट सांगून संपवले. बीपी मात्र छान आला.